ह्ये लिवू नगंस

कार्तिकातल्या एका सकाळी, चहा झाल्यावर आणि पेपर यायच्या आधी, मी हरवलो असल्याचं मला माझ्याच संगणकाने कळवलं. पडद्यावर इंग्रजीत एक छोटी चौकट आली. तिचा मतलब असा, की तुमचा प्रोफाइल उघडता येत नाही. तो हरवला असेल किंवा तिथवर पोहोचता येत नसेल. खाली एकच बटण होतं, ओके. माणसाला तो हरवल्याची बातमी द्यायची आणि वर त्याच्याकडूनच ठीक आहे म्हणवून घ्यायचं, ही पद्धत पाटबंधारे खात्यात उभी नोकरी काढूनही मी पाहिली नव्हती. आमच्याकडे निदान अर्जदाराला पोहोच तरी मिळायची.

मी ओके दाबलं, कारण दुसरं काही दाबायला ठेवलेलंच नव्हतं. त्याबरोबर माझा वीस वर्षांच्या ओळखीचा मेलचा प्रोग्राम उघडला आणि म्हणाला, स्वागत आहे, आपलं नाव सांगा.

आता फोनवर मेल बघणाऱ्या मंडळींना यातलं दुःख कळणार नाही. हा प्रोग्राम संगणकात बसवलेला असतो. तो बाहेरच्या पेटीतलं टपाल उचलून घरी आणतो आणि आपल्या कपाटात लावून ठेवतो. त्या कपाटाला प्रोफाइल म्हणतात. आलेली पत्रं, धाडलेली पत्रं, पत्ते, पासवर्ड, सगळं त्यात. माझं कपाटच जागेवर नव्हतं आणि प्रोग्राम नव्या बदलीवर आलेल्या साहेबासारखा मलाच माझं नाव विचारत होता.

एवढ्या सकाळी मी संगणकापुढे बसायचं कारण आमची वहिनी. आदल्या दिवशी वडूजहून तिचा फोन आला होता.

"नाथाभावजी, ह्यांची एकसष्टी हाय ह्या रविवारी. समदी जमत्यात. केकबिक काय ह्यांना आवडत न्हाई. तुमी आत्यांची ती मेलं कागदावर काढून आना आन मांडवात वाचून दावा. ह्यांना मातूर आधी सांगू नगा."

मी म्हटलं, "काळजीच करू नका वहिनी. सगळं माझ्याकडे जपून आहे." हे वाक्य मी आमच्या भावकीत इतक्या वेळा बोललो आहे की पोरं आता माझ्याबरोबर ओठ हलवतात.

ती मेलं म्हणजे आमच्या आईची. वहिनीचे 'हे' म्हणजे माझा थोरला भाऊ जयराजदादा, तेव्हा फौजेत सुभेदार. त्याची पलटण नागालँडात होती तेव्हा त्या डोंगरात फोन लागला तर लागायचा, पण पलटणीच्या संगणकावर मेल मात्र मिळायचं. आमच्या अख्ख्या खानदानात तेव्हा संगणक एकट्या माझ्याकडे, इथे सांगलीशेजारी माधवनगरला. आई माझ्याकडेच राहायची. रविवारी जेवणं झाली की ती संगणकाशेजारी स्टूल ओढायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची, जणू दादा पडद्यातून बघणारच आहे, आणि म्हणायची, "लिव." ती बोलेल तसं तिच्याच भाषेत मी इंग्रजी अक्षरांत टंकायचो.

इथे माझ्या टंकलेखनाविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. आमच्या खात्यात कार्यकारी अभियंत्यांचं डिक्टेशन घेण्यासाठी मला खास बोलावणं यायचं. त्याचं कारण, मी ऐकलेला एकही शब्द सोडत नसे. साहेब मसुदा सांगता सांगता "अरे, हा चहा गार आहे" म्हणाले तर तेही कालव्याच्या दुरुस्तीच्या परिच्छेदात यायचं. साहेब मग ते स्वतःच्या हाताने खोडायचे. टंकणाऱ्याने अर्थात शिरायचं नसतं, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि मी ते शेवटपर्यंत पाळलं.

तर आई सांगायची, "गुडघं लय दुखत्यात. ह्ये लिवू नगंस त्येला, उगं काळजी करंल." तिचं दुसरं वाक्य येईस्तोवर पहिलं टंकून झालेलं असायचं, आणि डिक्टेशन म्हटल्यावर दुसरंही मागोमाग जायचं. शेवटी ती विचारायची, "लिवलं का समदं?" मी म्हणायचो, "समदं." "मग धाड आता. लाईट जळतीया." आईची पक्की समजूत होती की विजेचं मीटर शब्दागणिक फिरतं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिंतीवर तिचा फोटो आहे, पण फोटोवाल्याने हलू नका म्हणून दम दिल्यामुळे त्यात ती रागावल्यासारखी दिसते. तिचा आवाज कुणी कधी भरून ठेवला नाही. दादाकडचं मेलचं खातं न वापरल्यामुळे कधीच बंद झालेलं. म्हणजे आमच्या आईचं बोलणं जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं, आणि ते ठिकाण मला स्वागत आहे म्हणत होतं. 

तुम्ही विचाराल, एवढं जपलेलं होतं तर अधूनमधून वाचत का नव्हतात? जपणं आणि वाचणं ही दोन वेगळी खाती आहेत. दप्तरखान्याचा माणूस फाइल जपतो, तो ती उघडून बघत बसला तर दप्तरखाना चालायचा नाही. शिवाय आई गेल्यावर ती मेलं उघडायला हात होत नव्हता, हेही खरं.

पेपर आला, आणि पेपरामागोमाग कुतुबुद्दीनभाई आले. शेजारी राहतात. माधवनगरची गिरणी चालू होती तोवर तिथे कापडाच्या मागावर होते, आता गाद्या-उशांचं दुकान आहे. रोजचा माझा पेपर आधी ते वाचतात. त्यांनी माझा चेहरा पाहून पेपर बाजूला ठेवला, त्यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

"बंद करून चालू केलं का?" त्यांनी विचारलं.

"केलं."

"वायर काढून फुंकर मारून परत लावली का?"

तेही केलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "नाथाजीराव, माग बंद पडला की आमी पैलं ह्ये बघायचो, की शेवटचा हात कुणाचा लागला. ह्याला शेवटचा हात कुणाचा लागला?"

"माझाच. दुसरं कोण शिवतंय त्याला?"

"मग अवघड हाय," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

कुतुबुद्दीनभाईंच्या तोंडून बातमी गल्लीत गेली आणि दुपारपर्यंत घोरपडे सर हजर झाले. सर निवृत्त मुख्याध्यापक. ज्या विषयाचा तास असेल त्या विषयाचं पुस्तक शिक्षकाने वाचलंच पाहिजे असं नाही, या मताचे. त्यांनी उभ्याउभ्याच निदान केलं. "तुमची मूळ चूक ही, की तुम्ही सगळं घरात ठेवलंत. आता घरात काही ठेवायचं नसतं. सगळं क्लाउडवर असतं. वर."

सांगलीच्या माणसाला ढगावर विसंबून राहायला सांगायचं म्हणजे कमाल झाली. कृष्णेचं पाणी ज्याने दारात येताना बघितलं आहे तो वरच्या ढगाकडे कोणत्या नजरेने बघतो, हे सरांना माहीत असायला हवं होतं, कारण पुराच्या वेळी ते आमच्याच जिन्यावर बसून होते. पण त्यांचं एक म्हणणं मला पटलं. टपाल ज्या पेटीतून यायचं ती पेटी बाहेर कुठेतरी असणारच. ती उघडून बघावी.

पेटी उघडायला पासवर्ड लागतो. पासवर्ड प्रोग्रामला पाठ होता आणि प्रोग्राम आता मला ओळखत नव्हता. पासवर्ड विसरलात काय, असं एका कोपऱ्यात विचारलं होतं. मी हो म्हटलं. मग संगणक म्हणाला, तुमच्या नोंदवलेल्या फोनवर आकडा सांगतो, तो घाला. नोंदवलेला फोन म्हणजे आमचा घरातला काळा, गोल तबकडीचा फोन. तो बंद करून जमाना झाला होता. माझी ओळख पटवणारा आकडा कुठल्या तरी तुटलेल्या तारेत घुमत असणार आणि मी माजघरात मोकळ्या तिवईकडे बघत बसलेलो.

दुसऱ्या दिवशी सांगलीला फोनच्या ऑफिसात गेलो. खिडकीतला गृहस्थ माझ्याच वयाचा, निवृत्तीच्या कडेला आलेला. त्याने नंबर टंकला आणि म्हणाला, "हा नंबर अस्तित्वात नाही."

"नंबर नसेल, पण मी आहे," मी म्हटलं.

"नंबरशिवाय तुम्ही आहात हे आमच्याकडे कसं दिसणार?"

उत्तर इतकं बिनतोड होतं की मला त्याच्याबद्दल आदर वाटला. मी त्याला विश्वासात घेऊन सांगितलं, की मीही सरकारी नोकर होतो आणि काम आईचं आहे. त्याने चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे आपुलकीने पाहिलं आणि म्हणाला, "साहेब आज दौऱ्यावर आहेत. सोमवारी या."

हेच वाक्य, याच आपुलकीने, मी जन्मभर खिडकीच्या आतून म्हणत आलो होतो. ते बाहेरून एवढं कडू लागतं याची मला कल्पना नव्हती. एकसष्टी रविवारी होती.

घरी आल्यावर संगणकाने दुसरी वाट दाखवली. फोन नसेल तर गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न होता, तुमचा आवडता पदार्थ कोणता? मी खाली मान घालून पिठलं असं टंकायला लागलो, तर मागून संयोगिता, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "पिठलं कधीपासून आवडायला लागलं? दर वेळी तर नाक मुरडता."

मी भरलं वांगं लिहिलं. चूक. थालीपीठ लिहिलं. चूक. संयोगिताचा चेहरा दर चुकीला उजळत होता, कारण हे सगळे माझे आवडते पदार्थ म्हणून ती लग्नापासून करत आली होती आणि आता त्याचा हिशेब लागत होता. शेवटी तीच म्हणाली, "कडाकणी लिहा. नवरात्रात आत्या घटाला बांधायला तळायच्या, त्या आधीच डब्यातल्या निम्म्या संपवायचात तुम्ही."

कडाकणी बरोबर निघाली. पेटी उघडली. दोघेही पुढे वाकलो. आत गुडघ्याच्या पट्ट्याची एक जाहिरात होती, परदेशी सहलीची एक होती, आणि मला बक्षीस लागल्याचं कळवणारं एका परक्या बाईचं पत्र होतं. आईचं काही नव्हतं.

आणि मग मला आठवलं. वीस वर्षांपूर्वी प्रोग्रामला हुकूम मीच दिला होता, की टपाल घरी आणलं की बाहेरची पेटी रिकामी कर. तेव्हा पेटी लहान असायची, भरून जायची. शिवाय उचललेलं टपाल पेटीत ठेवणं मला बेशिस्तीचं वाटलं होतं. आणि धाडलेली पत्रं तर बाहेरच्या पेटीत कधी नसायचीच, ती त्या हरवलेल्या कपाटातच राहायची.

शनिवारी सकाळी शेवटचा उपाय म्हणून संगणकाचं डबडं जुन्या गोधडीत गुंडाळलं, संयोगिता ते मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसली आणि आम्ही सांगलीला शिवतेजच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात निघालो. माधवनगरपासून सांगलीपर्यंत ओळखीच्या तिघा-चौघांनी गोधडीकडे बघून काळजीने विचारलं, "दवाखान्यात का?" संयोगिता म्हणाली, "व्हय."

शिवतेजने गोधडी बाजूला केली, वायरी जोडल्या, बराच वेळ आत काहीतरी शोधलं. "काका, प्रोफाइल जिथं असतो तिथं नवा कोरा बसलाय. जुना गेला."

"गेला म्हणजे कुठे गेला?"

"गेला म्हणजे गेला. आपण फॉरमॅट मारू. एकदम नव्यासारखं हुतंय."

मी त्याला समजावून सांगितलं, की मला नव्यासारखं नको, जुन्यासारखं हवं आहे. ही मागणी त्याच्याकडे पहिल्यांदाच आली असावी. तो म्हणाला, मग हार्डडिस्क पुण्याला धाडावी लागंल, महिना तरी जाईल, आणि मिळंल याची खात्री नाही. मी डबडं परत गोधडीत गुंडाळलं.

परत येताना स्कूटरवर दादाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर येत होता. आई गेली तेव्हा तो नेमका वडूजला होता, मी तिला घेऊन दवाखान्यात, आणि तो पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला तिचं शेवटचं बोलणं मिळालं नव्हतं. माझ्याकडे तिचं एवढं बोलणं जपून आहे, हे मी त्याला प्रत्येक दिवाळीला सांगत होतो, आणि तो दर वेळी म्हणायचा, "असू दे तुज्यापशी. कवातरी ऐकू." आता ऐकायची वेळ आली तर मी त्याच्यापुढे काय घेऊन उभा राहणार होतो?

जेवणं झाल्यावर मी कोरे कागद घेतले. इतकी वर्षं ज्याने ते टंकलं, त्याला ते आठवून लिहिता येऊ नये? तासाभरात एक पत्र तयार झालं. संयोगिताने ते वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"अहो, आत्या 'सदर गुडघ्यांबाबत' असं कधी म्हणाल्या?"

मी पुन्हा वाचलं. आईने दादाला 'उपरोक्त विषयास अनुसरून' आशीर्वाद दिला होता. शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' असंही होतं. एवढी वर्षं शब्द न् शब्द टंकला आणि माझ्या डोक्यात त्यातला एकही उरला नव्हता, फक्त माझंच ऑफिस उरलं होतं. मला रडू आलं. संयोगिताने मला संगणकाच्या वायरी परत जोडायला लावल्या. तिने आईचं स्टूल आणलं, संगणकाशेजारी ठेवलं आणि स्वतः त्यावर बसली.

"मी स्वयंपाकघरातून ऐकायची सगळं," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहा."

आणि ती आईच्या आवाजात बोलायला लागली. सुनेला सासूची नक्कल इतकी साधते याचं मला कधी काळी वाईट वाटलं असतं. "जयराज, हितं समदी बरी हायती. नाथाचं पोट सुटाय लागलंय, खुर्चीत बसून बसून. म्हस व्याली. कुतुबुद्दीनच्या फरीदानं शेवया दिल्यात, तुज्यासाठनं बांधून ठेवल्यात." मी टंकत होतो. बोटं आपोआप धावायला लागली होती. "तुजा शाळंचा दाखला मागितलास त्यो गावंना म्हनतुया नाथ्या. लिव रं नाथ्या, माळ्याव बघतो म्हून लिव. आपल्या घरातनं काय बी भाइर जात न्हाई. ज्ये नगं हुतं त्ये माळ्याव जातंय."

माझी बोटं थांबली. आयुष्यात पहिल्यांदा डिक्टेशन चालू असताना मी अर्थात शिरलो होतो.

आमचा माळा एकदा बघण्यासारखा आहे. त्यावर पाणी तापवायचा बंब आहे, मोडका पाळणा आहे, जात्याचे दोन खुंटे आहेत, जातं नाही. तो काळा फोनही तिथेच आहे. टाकून काही द्यायचं नाही, लागतं कधीतरी, हा आमच्या घराचा कायदा, आणि आईच्या मागे तो मी चालवतो. यंदा दसऱ्याच्या आधी घट बसायचे म्हणून संयोगिताने सगळं घर बाहेर काढून धुतलं. गोधड्या झाल्या, भांडी झाली, आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं ते डबडंही आतून झाडून घ्या. दसऱ्याला त्यालाही हळदकुंकू लावायचंय."

मी झाडून घेतलं होतं. आत नको त्या फाइली साचल्या होत्या. पुसून टाकायला जीव होईना. म्हणून मी आमच्या पद्धतीने एक नवा फोल्डर केला, त्याला नाव दिलं 'माळा', आणि जे कशाचं काय ते कळेना ते सगळं त्यात चढवलं. त्यात एक फोल्डर होता, ज्याच्या नावाला ना अर्थ ना रूप, नुसती अक्षरं आणि आकडे, पोराने टंकयंत्रावर हात आपटल्यासारखी. जुना संगणक बदलताना कुण्या दुकानदाराने तो नेहमीची जागा सोडून भलत्याच ठिकाणी ठेवलेला. मला तो विषाणू वाटला होता. तरीही टाकला नाही, माळ्यावर ठेवला. मग नवरात्र आलं, दसरा झाला, दिवाळी झाली, आणि मी ते साफ विसरलो. मेलचा प्रोग्राम उघडायची मधे गरजच पडली नव्हती.

कुतुबुद्दीनभाई म्हणाले होते ते खरं होतं. शेवटचा हात माझाच लागला होता.

माळा उघडला. तो वेडावाकड्या नावाचा फोल्डर तिथेच होता; माझं हरवलेलं कपाट ते हेच असणार. जिथून उचलला होता तिथे नेऊन ठेवला आणि प्रोग्राम चालू केला. या वेळी त्याने विचारलं, जुना उघडू की नवा? मी जुना म्हटलं. पडद्यावर एकाखाली एक ओळी यायला लागल्या आणि प्रत्येक ओळीवर दादाचं नाव होतं. संयोगिताने स्टुलावरून उठून देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर माझ्या तोंडात घातली. मी खिडकीतून कुतुबुद्दीनभाईंना हाक मारून सांगितलं, की सापडलं. ते म्हणाले, "बंद करून चालू केलं असणार."

छापताना मशीनमधली काळी शाई संपली आणि निम्मी पत्रं जांभळी निघाली. वाचून बघायला वेळ नव्हता आणि, खरं सांगायचं तर, एकट्याने वाचायचा धीरही नव्हता. कागद नीट पिशवीत घातले, सांगलीचं भडंग घेतलं आणि रविवारी पहाटे विट्यावरून वडूजची एसटी धरली.

दादाच्या दारात मांडव होता. दादा नवा फेटा बांधून ताठ बसला होता. फौजेतला माणूस सत्कारालाही हजेरी दिल्यासारखा बसतो. ओवाळून झालं, भावकीतल्यांची भाषणं झाली, आणि वहिनीने मला खूण केली. मी उभा राहिलो. "आईची पत्रं वाचतो," एवढंच म्हणालो. दादाने मान वर केली. इतका वेळ मांडीवर नुसता टेकलेला त्याचा हात गुडघ्याला घट्ट धरून बसला.

वाचायला लागलो आणि पाच-सहा ओळींत मांडवाचा नूर बदलला. म्हस, शेवया, माझं पोट, सगळ्यांवर हसू फुटत होतं. म्हाताऱ्या बायका आईचं नाव घेऊन म्हणत होत्या, "बनुबाईच ती, हुबेहूब." मग आलं, "गुडघं लय दुखत्यात. ह्ये लिवू नगंस त्येला." लोक आणखी हसले. पुढच्या पत्रात, "औंदा डोळ्याला कमी दिसतंय. ह्ये लिवू नगंस." त्याच्या पुढच्यात, "त्येची लय आठवन येती. दोन दिस झालं घास गिळंना. ह्ये लिवू नगंस, सायबाकडं सुट्टी मागत बसंल."

इथे हसणं थांबलं. माझंही वाचन थांबलं. मी हे टंकलं होतं, धाडलं होतं, आणि आत्ता पहिल्यांदा वाचत होतो. मी दादाकडे पाहिलं.

"तुला आत्ता कळतंय व्हय रं?" दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. "आरं, मी पत्र उघडलं की आधी त्येच हुडकायचो. बाकी म्हस आन शेवया मागनं वाचायचो. पलटनीतली पोरं इचारायची, सुभेदारसाब, ह्या टायमाला माताजी क्या लिखने को मना की. त्या पत्रावर सुट्टी काढून आलो मी. गुडघ्याला तेल घिऊन. आईला म्हनलं, सहज आलो. तर ती गल्लीभर सांगत सुटली, माज्या जयराजला न सांगता कळतंय."

"मग मला कधी बोलला नाहीस ते?"

"बोललो असतो तर तू लिवायचं बंद केलं असतंस," दादा म्हणाला. "शेवटचं वाच. त्ये म्या पेन्शनीत येताना आल्यालं. वाच."

शेवटचं पत्र जांभळ्या शाईत निघालं होतं. मी वाचलं.

"जयराज, तुजी पेन्शन झाली, आता तू घरी येतुयास. आता ह्या डबड्याफुडं बसायचं काम ऱ्हायलं न्हाई. नाथा लय गुनाचा हाय. ज्ये सांगितलं त्ये लिवतुया आन ज्ये नगं म्हनलं त्ये बी लिवतुया. तू तेल घिऊन आलास तवाच म्या वळाखलं. मंग काय, सांगत ऱ्हायली तसंच. दुखतंय-खुपतंय म्हून लेकाला उघड कसं सांगायचं, त्यो तिकडं बंदूक घिऊन हुबा. पर कुनाला तरी सांगावं वाटतंय. नाथा हाय म्हून झालं. ह्ये लिवू नगंस."

 माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं शाबासकीचं पत्र मी स्वतःच्या हाताने टंकून दुसऱ्याला धाडलं होतं आणि वीस वर्षांच्या दप्तरात जपून ठेवलं होतं, न वाचता. मी पुढचा कागद शोधायला लागलो. पुढे कागद नव्हता.

दादा उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता पुरं कर नाथा. लाईट जळतीया."

टळटळीत दुपार होती आणि मांडवात एकही दिवा लावलेला नव्हता. मी कागद मिटले.